चासीवरच्या रेघा

५ जानेवारी २०२६, माधवनगर

पोचलो. गाडीही पोचली, आणि दोघांच्याही अंगावर ओरखडा नाही. बावीस वर्षं फौजेत गाड्यांच्या पोटाखाली काढली, पण इतकी देखणी गाडी कधी हाताला लागली नव्हती. १९५८ची, काळी, लांब नाकाची, आत लाल चामडं. उसाचे बागायतदार हंबीरराव यांनी इंग्लंडातल्या लिलावात नुसता फोटो बघून घेतली. पन्नास वर्षांपेक्षा जुनी गाडी आता बाहेरून आणता येते असं त्यांना कुणीतरी सांगितलं आणि त्यांच्या डोक्यात ते बसलं. गाडी बंदरातून सोडवायची, चालती करायची, आरटीओत तिची नोंदणी करायची आणि २२ फेब्रुवारीला त्यांच्या रेश्माची वरात तिच्यातून काढायची. एवढ्यासाठी मला कोरेगावहून बोलावलंय.

बिननंबराची गाडी रस्त्यावर चालवता येत नाही, म्हणून ट्रेलरवर चढवून आणली. मलकापूरला चहाला थांबलो तर अर्धं गाव फोटो काढायला जमलं. मीही मालक असल्यासारखा तोरा मिरवून घेतला.

फौजेतल्या सवयीप्रमाणे गाडीची डायरी ठेवणार आहे. वही खिशात, पेन्सिल कानावर. हीच पेन्सिल बंदरावर चासी नंबराचा ठसा घ्यायलाही वापरली. पुढच्या उजव्या चाकाच्या आत, खालच्या पट्टीवर नंबर कोरलाय. त्यावर कागद धरून पेन्सिल घासली की नंबर उमटतो. नंबरापुढे तीन बारीक उभ्या रेघा आल्या. कारखान्याची खूण असावी.

रेश्मा चहा घेऊन शेडमध्ये आली. माझ्या लेकीच्या, क्रांतीच्याच वयाची. लग्नाआधी मला ही गाडी चालवायला शिकवा म्हणाली. शिकवणार.

८ जानेवारी

आज गाडीला बकरं दिलं. इकडे नवीन ट्रॅक्टर आला तरी देतात, त्यात विशेष काही नाही. पण हंबीररावांची शेरडं सांभाळणारा धनाजी, आटपाडीकडचा, बकऱ्याची दोरी सोडेना. त्याचं म्हणणं होतं, "नव्या गाडीला देत्यात, मालक. तिची तोंडओळखच तिथनं व्हती. ही कुठं नवी हाय? हिनं आदी काय खाल्लंय कुणाला ठावं. एकदा दावलं की मागत बसंल." हंबीरराव हसले. मीही हसलो.

बकरं एका घावात तुटलं नाही. तीन घाव लागले, दुसऱ्यानंतर ते मान लोंबत उठून उभं राहिलं. चिळकांडी दिव्याच्या काचेवर उडाली. हंबीररावांनी बॉनेटला रक्ताचा टिळा लावला आणि मी चाक बकऱ्यावरून पुढं नेलं. सकाळभर सुरू न होणारं इंजिन त्या वेळी अर्ध्या किल्लीला सुरू झालं.

नंतर चाक पुसायला फडकं घेतलं तर चाक कोरडं. उन्हानं वाळलं असेल.

१९ जानेवारी

कागद परत आले. बंदरातल्या ठशात नंबरापुढे तीन रेघा आहेत, आणि आरटीओच्या साहेबांनी परवा तपासणीत घेतलेल्या ठशात चार. नंबराशी छेडछाड झाली आहे का, असं त्यांनी विचारलंय. त्यांच्या जागी मी असतो तर मीही हेच विचारलं असतं, पण राग आला. माझ्या हातातल्या गाडीवर असला संशय कधी आला नव्हता.

भाऊसो म्हणून सांगलीचे एजंट नोंदणीचं काम बघतात. जाडजूड, बोलका माणूस. उद्या स्वतः खाली निजून नवीन ठसा घेतो म्हणाले.

२१ जानेवारी

काल लिहिता आलं नाही.

भाऊसो गाडीखाली उताणे निजले होते. हँडब्रेक मी ओढला होता, चारही चाकांना दगड लावले होते. हे मी शपथेवर लिहितो. ते खालून मला त्यांच्या मुलाच्या मुंजीची गंमत सांगत होते. गाडी वीतभर मागं सरकली आणि पुन्हा पुढं आली. मग पुन्हा मागं. गोष्ट अर्धीच राहिली. उसाच्या चरकात घातल्यासारखा आवाज आला. तीन वेळा. जॅक लावून बाहेर काढले तेव्हा छाती पार बसली होती, एक डोळा उघडा होता.

इंजिन बंद होतं. किल्ली माझ्या खिशात होती.

२३ जानेवारी

पोलिसांनी पंचनामा केला. अपघात म्हणून नोंद. गाडी शेडमधून हलवायची नाही.

भाऊसोंच्या मुठीत ठशाचा कागद होता. हवालदारानं मुठीची बोटं सोडवली तेव्हा मी पाहिला.

पाच रेघा.

ठसा त्यांनी चिरडायच्या आधी घेतला होता. म्हणजे रेघ आधी येते.

१ फेब्रुवारी

धीर करून आज मी ठसा घेतला. हात लांब करून, अंग बाहेर ठेवून.

सहा.

हंबीररावांना सांगितलं. गाडी विका, जाळा, पण हिच्याजवळ कुणाला फिरकू देऊ नका. ते म्हणाले, पत्रिकेवर गाडीचा फोटो छापलाय, पाव्हण्यांना काय सांगू? आणि एक माणूस मेला म्हणून घाबरलास, म्हणजे फौजेत नुसता भात शिजवत होतास की काय? सगळ्यांसमोर म्हणाले.

धनाजी दारात उभा राहून सगळं ऐकत होता.

२ फेब्रुवारी

धनाजी गेला.

दुपारी दोनच्या उन्हात मला न सांगता शेडमध्ये शिरला. हातात चार लिंबं, हळद, कुंकू. मी ओरडत धावलो. तो म्हणाला, "माज्या बकऱ्यानं सुरू झालंय, फौजी. मीच मिटवतो." पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवायला वाकला. चाक दगडावर चढलं, आणि त्याच्या डोक्यावर आलं, आणि तिथंच थांबून जागच्या जागी फिरत राहिलं. मी त्याचे पाय धरून ओढत होतो. पाय हातात आले, पण वर—

चाक पुन्हा कोरडं आहे.

त्यानं सांगितलं होतं तेव्हा मी हसलो होतो. आणि बकऱ्यावरून चाक मीच नेलं.

५ फेब्रुवारी

बॅटरी काढून घरात आणली. तारा तोडल्या.

पोलीस आले आणि गेले. उतारावरची शेड, जुने ब्रेक, असं लिहून, गाडी हलवायला मोकळीक देऊन गेले. शेड सपाट आहे.

वरात ठरलेलीच, नोंदणीला दुसरा एजंट धरलाय. रेश्माला सांगितलं, काहीही झालं तरी हिच्यात बसू नकोस. तिनं माझा हात धरला. म्हणाली, "फौजीकाका, तुमी चार दिस कोरेगावला जाऊन या. लय थकलाय." पोरगी मला वेडा समजते. समजू दे. पण मी गेलो तर हिच्यापाशी कोण?

८ फेब्रुवारी

एकच उपाय दिसतो. चासीवरचा नंबर ग्राइंडरनं घासून काढायचा. नंबर नाही तर नोंदणी नाही. नोंदणी नाही तर रस्ता नाही, वरात नाही. तुरुंगात गेलो तरी चालेल.

उद्या सकाळी. घरचे सगळे साड्या घ्यायला सांगलीला जाणार आहेत.

९ फेब्रुवारी, सकाळी ११

गाडी चार लाकडी ठोकळ्यांवर चढवली. चाकं अधांतरी. मी खाली उताणा. नंबराचे पहिले तीन आकडे घासून गेले आणि लाइट गेली. ग्राइंडर बंद. येईल पाच मिनिटांत. तोवर लिहितो. छातीवर वही.

तेलाचा वास नाही. बकऱ्याचा वास येतोय.

ठसा घेतला. घ्यायला नको होता.

सात.

सातवी माझी. ठीक आहे. क्रांतीला सांगा, बाप पळाला नाही. लाइट आली की उरलेला नंबर—

पावलं वाजताहेत. मोजडी. रेश्मा. ती गेली नाही सांगलीला.

फोनवर बोलतेय कुणाशी तरी. हसतेय. वरातीआधी एक फोटो काढते म्हणतेय.

ओरडलो. दार उघडलं. बसली.

दार लागलं. आपोआप. ती आतून दार ठोठावतेय.

इंजिन सुरू झालं. बॅटरी नाही. ठोकळा सरकतोय, डावीकडचा. चाक फिरतंय, कानाशी. ती काका काका म्हणतेय—

नवी रेघ एकच आहे. आम्ही दोघं आहोत.

रेश्मा, दार उघडलं की मागं बघू नकोस. बकरं मीच दिलं होतं, हेही मीच— हात आधी घालतो, मग खांदा, म्हणजे चाक अडक—