नळीतला पिवळा थर

२३ सप्टें. २००३, मंगळ.
ओझरला महिना झाला. मी एका जागी इतका टिकलो, म्हणजे मामाचीच कमाल. दूध शीतकेंद्रात तो ऑपरेटर, मी वरकामाला. आज पुन्हा टँकर परत आला. दूध नासलेलं. साहेब सगळ्यांदेखत मामाला म्हणाले, "निवृत्ती, पाइप धूत नाहीस तू. नुसता झोपतोस. असंच चाललं तर दुसरा माणूस बघतो."
मामाने पुन्हा पाइप धुवायला घेतले. धुण्याचा सोडा पूर्ण टाकतो तो, मी रोज बघतो. पण माझं कोण...

२४ सप्टें.
नाशकाहून कॉलेजच्या मॅडम आल्या. पाइपाला आतून जंतूंचा बुळबुळीत थर धरतो म्हणे, दूध त्यानेच नासतं. पाइपात मधे काचेची नळी बसवली. एका बाजूने दिवा, दुसरीकडे मीटर. काच स्वच्छ तर १००. थर धरला की आकडा उतरणार, सुटला की चढणार. दूध गेल्यावर पाणी फिरवायचं, मग वाचायचा.
मी म्हटलं, उघडून खरवडून बघा की.
"उघडलं की तो मोडला. मला तो वाढताना बघायचाय, सुटताना बघायचाय. तेव्हाच्या तेव्हा."
लिहायचं काम माझ्याकडे. नववी नापास आहे, पण आकडे येतात.

२७ सप्टें.
धुण्याआधी ७९. मामाने सोडा ओतला. गरम पाणी फिरायला लागलं तसा काटा हलला. ८२, ८६, ९०. मॅच बघावी तसे आम्ही तिघं उभे. ९१ ला थांबला. मामाने पुन्हा सोडा घातला. ढिम्म.
मॅडम म्हणाल्या, "धुतलंय नीट. तो उरलेला थर सोड्याला सुटतच नाही. मामांचा दोष नाही यात." रोजच्या आकड्यांचा तक्ता पाहिजे, दसऱ्यानंतरच्या सोमवारी साहेबांपुढे ठेवू म्हणाल्या.
मामाने भजी आणली. स्वतः खाल्ली नाहीत.

३० सप्टें.
धुण्यानंतर ८६. रोज तेवढाच सोडा, तरी उतरतोय. मामाच्या बाजूने चांगलंच म्हणायचं. दुपारी गच्चीवर गेलो, इथल्या विमान कारखान्याचं विमान उडालं होतं. वळून परत येईल म्हणून थांबलो, आलंच नाही. एक आकडा हुकला. मागचा-पुढचा बघून टाकतो म्हटलं, तर मामा म्हणाला, "नाय. कोरं ठेव. मनचं लिहू नको."

३ ऑक्टो.
८२. मॅडमचा फोन. खूश. आणखी दोन दिवस, म्हणाल्या.

४ ऑक्टो., खंडेनवमी
सकाळपासून घासपूस. कॉम्प्रेसर, पंप, वजनकाटा, पाने, सगळं चकाचक. सगळ्यांत ती नळी तेवढी पिवळी. आजच्या दिवशी तशी कशी ठेवायची? खोलली, बाटलीच्या ब्रशने आतून घासली, परत बसवली, झेंडूची माळ घातली. मामाने मीटरला हळदीकुंकू लावलं, हात जोडले.
"लय चमकवली रे."
संध्याकाळी पाणी फिरवलं. १००.
मामाने माझ्याकडे बघितलं. मग ब्रशाकडे. तिथंच पोत्यावर बसला.
मी शंभर लिहिले. मनचं लिहायचं नाही म्हणून.

६ ऑक्टो., सोम.
साहेबांचं बोट तक्त्यावरून खाली आलं. ९१, ८६, ८२. आणि १००.
"हे बघा. सणाला निघतं, एरवी निघत नाही. माणसाने मनावर घेतलं की निघतं."
मी सांगितलं, पूजेसाठी मी ब्रशने घासली.
"भाचा दुसरं काय सांगणार?"
मॅडम बराच वेळ बोलत होत्या. साहेब मान हलवत फायलीवर सह्या करत होते. मामा शनिवारपर्यंत. पुढे दुसरा.
मॅडम मला रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं... त्यांची रजा संपली. नळी ठेवून गेल्या. "पुन्हा थर धरू दे. दिवाळीच्या सुट्टीत येते मी."
दिवाळीला मामा इथं नसेल.

८ ऑक्टो.
धुण्यानंतर ९८. मामाला म्हटलं, सोडा कमी टाक, लवकर धरेल.
"मंग साहेब खरा ठरंल की रे."
पूर्ण मापं टाकली त्याने. मला कुठंतरी निघून जावंसं वाटतंय. मनमाडला जाऊन मिळेल ती गाडी. एस्टी स्टँडपर्यंत गेलोही, तिथं गारुडी होता, तो बघत बसलो. परत आलो.

११ ऑक्टो., शनि.
धुण्यानंतर ९५. मामाचं शेवटचं धुणं. काटा थांबेपर्यंत उभा होता.
"किती?"
"पंच्याण्णव."
"उतरू दे," म्हणाला.
नवा माणूस पिंपळगावचा, कामाचा दिसतो. मामाने त्याला सगळे व्हॉल्व्ह दाखवले, सोड्याचं माप दाखवलं. तो नळीपुढे वाकला.
"ही अशी पिवळट का ठेवलीय? ब्रश कुठं हाय?"
मी सांगायला लागलो, ती नळी घासायची नसते, कॉलेजच्या मॅडम... तो हसला. "बरं बरं."
मामाने डबा पिशवीत ठेवला. खिळ्यावरचा ब्रश काढला, तोही पिशवीत टाकला. मला म्हणाला, "लिहीत जा." फाटकातून गेला.
९५ लिहिलं. तो अजून ब्रश शोधतोय.