उणे नऊचा चष्मा

लातूर, ४ जून २००७
खोली झकास मिळाली. क्लास हाकेच्या अंतरावर, मधे अंगण, पलीकडे घरमालकीण सरजामावशी. डोक्यावर पत्रा. भूकंपात गाव गेल्यावर मावशी इथं आल्या, तेव्हापासून दगड-मातीच्या छताखाली त्यांना झोप लागत नाही. दुपारी मी पत्र्याखाली पापडासारखी भाजते, पण तक्रार नाही. धर्माबादहून आणलेली मिरची त्यांना दिली, तर लगेच ठेचा करून अर्धा मलाच वाढला.

उद्यापासून बारावीला जीवशास्त्र. पोरं मला ‘सोडावॉटर’ म्हणणार, लिहून ठेवा. उणे नऊच्या भिंगांना दुसरं काय म्हणतील?

एक मात्र खटकलं. निघताना मी ‘येते मावशी’ म्हणाले, तर त्या ‘ये’ म्हणाल्या नाहीत, मान फिरवली. आमच्याकडं असल्या माणसाला शिष्ट म्हणतात.

११ जून
डोळ्यांचं लेझर करून चष्मा घालवावा का? मन थाऱ्यावर नाही. दुसऱ्या स्थळानं चष्मा काढून दाखवायला सांगितलं. मी काढला आणि मुलगा समजून त्याच्या मामाकडं बघून लाजले. नकार आला. हसू येतं, आणि रडूही येतं. गंधारदादानं नांदेडला डॉक्टर बघून ठेवलाय. आई म्हणते, देवानं दिलेल्या डोळ्यांशी खेळ नको.

मावशींना मोतीबिंदू आहे, पार पिकलेला. नेत्रशिबिराची गाडी दारात आली तरी गेल्या नाहीत. मी वर्गातल्या बाईंच्या थाटात त्यांना शास्त्र शिकवायला गेले. त्या म्हणाल्या, ‘मला दिसतंय तेवढं लई हाय. चष्मा काढून ठेवता येतो पोरी, डोळे कुठं काढून ठेवशील?’

रात्रभर तळमळले. सकाळी दादाला फोन करून हो म्हणून टाकलं.

१९ जून
झालं. केस जळल्यासारखा वास आला, बाकी काही नाही. दुसऱ्या दिवशी भिंतीवरचं घड्याळ चष्म्याशिवाय वाचलं आणि ढसाढसा रडले. डॉक्टर रागावले, रडायचं नाही म्हणे. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं टोचतं. ते होणारच, पण चोळायचं नाही. पाणी नको, धूळ नको, एकटीनं प्रवास नको. झोपताना डोळ्यांवर प्लास्टिकच्या वाट्या. दादा मला इथं सोडून नांदेडला परतला. जुना चष्मा मी कचऱ्यात टाकणार होते. मावशींनी काढून खिडकीत ठेवला.

२१ जून
वाचायची बंदी आहे, तरी लिहितेय. मोठ्या अक्षरात.

दुपारी डोळे मिटून पडले होते. कुणीतरी बाई उंबऱ्याबाहेर येऊन बसली. बांगड्या वाजल्या. कपाळावर गार झुळूक आली, बरं वाटलं. बोलणं निलंग्याकडचं, कानडी हेल. उठताना म्हणाली, ‘येते बरं मी.’ मी म्हणाले, ‘या.’

शेजारीण असेल म्हणून मावशींना विचारलं. कुणीच आलं नव्हतं, त्या दारातच ज्वारी निवडत बसल्या होत्या. मग त्यांनी मला एकच विचारलं, मी उत्तर काय दिलं. सांगितलं. सूप हातातून खाली ठेवलं त्यांनी.

२२ जून
मावशींनी सगळं सांगितलं. त्यांची सून शांतम्मा. विसर्जनाच्या रात्री आत झोपायला जाताना ‘अत्या, येते मी’ म्हणाली. मावशी स्वतः बाहेर ओट्यावर झोपणार होत्या. रीतीप्रमाणे ‘ये’ म्हणाल्या. पहाटे भूकंपात घराचं माळवद खाली बसलं. छतावरची हातभर पांढरी माती तिच्यावर.

तेव्हापासून ती येते. उंबऱ्याबाहेर उभी राहून ‘येते’ म्हणते. ‘ये’ म्हटलं की आत सरकते. मावशींना नुसती सावली दिसते, म्हणून तर मोतीबिंदू काढत नाहीत.

मी हसायचा प्रयत्न केला. नाही जमलं.

२३ जून
सकाळी वाट्या काढल्या. आत पांढरी माती. दोन्हींत.

डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, कोरडेपणा आहे, थेंब वाढवा. मातीचं बोलले नाही मी. वेड्यात काढतील.

दुपारी
दिसली. उंबऱ्याच्या आत. लख्ख उन्हात. हिरवं लुगडं, केसांत माती. भुवईचा केस न् केस दिसतो मला. काय नजर करून दिलीय डॉक्टरनं —

डोळे चोळतेय ती. सारखे. मग माझ्याकडं हात करते. माझ्या डोळ्यांकडं.

‘येते’ म्हणाली. मी तोंडात पदर कोंबून बसले.

२४ जून
मावशी दारात बसून आहेत. म्हणतात, बोलू नको, गावाकडं जा. एकटी कशी जाऊ? दादाला बोलावलंय.

डोळे मिटले की टोचतं. उघडले की ती.

जुना चष्मा घातला. बरं झालं मावशींनी ठेवला होता. नव्या डोळ्यांवर उणे नऊ — सगळं धूसर. ती पण धूसर. नुसता हिरवा डाग. चष्मा काढणार नाही. जन्मभर नाही. लग्न गेलं खड्ड्यात.

दुपारी
दादाचा फोन. वाटेतलं अहमदपूर सोडलं म्हणाला. धीर आला. बोलत राहिले. ठेवताना तो म्हणाला, ‘बरं, येतो.’ आणि मी —

सवयीनं —

‘ये’ म्हणाले.

मावशी ओरडल्या दारातून. उशीर झाला.

बांगड्या. उशाशी.

चष्मा आहे डोळ्यांवर. दार धूसर. खिडकी धूसर. हे अक्षरसुद्धा धूसर. ती तेवढी स्वच्छ दि