अण्णा, तुझे दगड अजून काठावरच आहेत

प्रिय अण्णा,

तुझ्या गावाला कुठलं पोस्ट जातं, ठाऊक नाही. तरी लिहितोय. जांबोटीच्या ओढ्यावरचा तुझा पूल सरकार पुन्हा बांधायला काढतंय! मुंबईत आपले मंत्री परत आलेत ना. थोरल्या भावाला सांगितल्याशिवाय मला कुठली बातमी पचलीय?

मी निपाणीत होतो. तंबाखूच्या गाडीवरनं संकेश्वर, तिथनं एका घोडेवाल्याबरोबर गोकाकचा धबधबा... ते राहू दे. बातमी ऐकली आणि उलटा फिरलो.

आठवतं? मागं मंत्री आले तेव्हा नियम झालता, गावाजवळची लहान कामं गावच्याच माणसाला द्यायची. बड्या ठेकेदारांसाठी खडी फोडून घेणारा तू, पहिल्यांदाच स्वतःच्या नावावर काम घेतलंस. पावसाळाभर पलीकडच्या वाड्यांना वैद्य मिळायचा नाही. तू शब्द देऊन बसलास, "औंदा कमान जोडतो."

यल्लाप्पा गवंडी म्हणाला, "कमान जुळली की खालचा लाकडी आधार काढायचा. तवा ठेकेदारानं खाली हुबं ऱ्हायचं, सावकार. काम पक्कं हाय ह्याची खात्री म्हून. आमची रीत हाय."

"ऱ्हातो की! न्हायतर ह्यो धाकटा हाय."

"ह्यो? ह्यो झाडाच्या सावलीत थांबंना, कमानीखाली काय थांबतोय!"

किती हसला होतात तुम्ही दोघं!

मग लढाई लागली. इंग्रजांनी कुणाला न विचारता देशाला तीत ओढलं म्हणून मंत्र्यांनी राजीनामे दिले. बेळगावच्या मिरवणुकीत ओरडून माझा घसा बसला. येताना तुला कुंदा आणला. "अण्णा, फेकलं राजीनामं तोंडावर!"

तू घास घेतलास. "लई गोड हाय रं."

मंत्री गेले म्हणून त्याच सकाळी तुझं काम थांबवायचा हुकूम आलता. मला ते यल्लाप्पाकडनं कळलं. का बोलला नाहीस रे? माझं तोंड कडू होऊ नये म्हणून?

मिरवणूक चूक नव्हती, अण्णा. पण ती चालली होती तुझ्या पुलावरनं, हे मला कुठं माहीत होतं?

तो नियमही गेला. लढाईसाठी लाकूड हवं म्हणून कमानीचा आधार न्यायचं ठरलं. अर्धी कमान बिनआधाराची टिकते होय? तू दगड न् दगड उतरवलास, प्रत्येकावर छिन्नीनं आकडा कोरलास, काठावर रचलास. "मंत्री येत्यात, जात्यात. दगड कुटं जात न्हाईत."

आणि तूच गेलास! तापानं, काम पुन्हा निघायच्या आत. एवढी कसली घाई होती रे?

काल बघून आलो. शेवाळ खरवडलं, आकडे तसेच आहेत. ठेका आता दुसऱ्याचा आहे, पण गवंडी यल्लाप्पाच. म्हटलं, मला कामाला घे. तो बघतच राहिला. "किती दिवस टिकणार?"

त्याला नाही सांगितलं, तुला सांगतो. कमान जुळेपर्यंत मी ओढा सोडत नाही. आणि आधार काढतील त्या दिवशी तुझ्या जागी खाली उभा राहीन. हलणार नाही.

तुझा,
सावलीत न थांबणारा
बाळू