तेवीस मिलिमीटरची दुरुस्ती

मी केरबा सटवाजी सोनकांबळे, वय चौसष्ट, निवृत्त कोतवाल, मौजे येळगव्हाण, जिल्हा पूर्वी उस्मानाबाद, आता लातूर. डोकं ठिकाणावर असताना हे मृत्युपत्र लिहितो. कुणाचा दाब नाही असं लिहायची रीत आहे, पण दाब आहे. मुलगी कुसुम हिचा मराठवाड्याच्या पावसावरचा निबंध नांदेडजवळच्या विष्णुपुरीच्या कॉलेजातून सोमवारी छापायला जातो आहे.

एक. दोन खोल्यांचं घर कुसुमला. पुतण्या पंढरी याने मी बजावूनही पर्जन्यमापकाच्या कुंपणाला बैल बांधला, सबब त्यास फक्त कुंपणाची तुटकी तार.

दोन. पर्जन्यमापक सरकारचा आहे, तो मला देता येत नाही. काचेचं माप मी पदरच्या पैशांनी आणलेलं आहे, ते कुसुमला.

तीन. गावचा पाऊस रोज मोजून मी लिहिलेल्या सव्वीस वर्षांच्या नोंदवह्या कुसुमला, पण एक आकडा वगळून.

कुसुम, बाहत्तरच्या ऑगस्टात पाऊस पडावा म्हणून गावात धोंडी निघाली. लिंबाचा पाला बांधलेल्या पोरांवर बाया घागरी ओतत होत्या. शाळेपुढे एक घागर पर्जन्यमापकावर कलंडली. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला मापात तेवीस मिलिमीटर भरले. तुझी आई चांगुणा म्हणाली, "आवो, म्या डोळ्यानं बगितलं. पाऊस न्हाई त्यो. लिहू नका."

मी म्हणालो, "मापात जे भरतं ते लिहायचं. तू मला शिकवू नको."

लिहिलं. गावात पाऊस झाला असं कागदावर ठरलं, आणि दुष्काळी काम तीन आठवडे उशिरा मिळालं. तोवर चांगुणा शेजारच्या तालुक्यात खडी फोडायला गेली. तिथेच पटकी होऊन वारली. तू आठ वर्षांची होतीस. आईला दुष्काळाने नेलं असं मी तुला सांगितलं. ते अर्धंच खरं होतं, आणि त्याची मला आजही लाज वाटते.

वह्यांतले आकडे तू उतरवून नेले होतेस. परवा तुझं पत्र आलं: "बाबा, बाहत्तरच्या त्या तेवीस मिलिमीटरच्या दिवशी आजूबाजूच्या चार गावांत थेंब नाही आणि एकट्या आपल्याकडे एवढा पाऊस! माझा सगळा निबंध याच दिवसावर उभा आहे."

चार. म्हणून हे मृत्युपत्र माझ्या मरणाची वाट पाहणार नाही. साक्षीदार ज्ञानोबा हे आजच्या दुपारच्या गाडीने ते नांदेडला नेऊन कुसुमच्या हातात देतील.

कुसुम, आकडा खोड. बाप ठेवायचा की नाही, ते तू ठरव.

मौजे येळगव्हाण, दिनांक ५ सप्टेंबर १९८६. आजचा पाऊस शून्य.

सही: केरबा सटवाजी सोनकांबळे
साक्षीदार: १) गुरुबसप्पा स्वामी, २) ज्ञानोबा वाघमारे

ता. क. ज्ञानोबांनी सही करून विचारलं, "केरबा, खरंच नेऊ का?" मी हाव म्हणालो.