कासवबाईंचं टपाल

बाबा,

सुट्टीनंतर आज कामावरचा पहिला दिवस, म्हणून लवकर निघतेय. तुमची नात झोपलीय. जेवण झाकून ठेवलंय.

भरवताना तिच्या गळ्याशी टॉवेल खोचा. प्लास्टरमध्ये कण गेला की दिवसभर खाजतं. अंघोळ नाहीच, पिळलेल्या फडक्याने हातपाय पुसा. उचलताना काखेत धरू नका, बुडाखाली हात द्या. प्लास्टरसकट चांगलं पोतं झालंय तिचं.

आणि प्लास्टरला पोटावर कापलेल्या खिडकीतून टपाल टाकणं बंद! ती श्वास घेताना पोट फुगायला ठेवलीय, पोस्टाची पेटी नाही. काल दवाखान्यात नर्सने चिमट्याने तुमचा कागद बाहेर काढला आणि सगळ्यांसमोर वाचला: "कु. कासवबाई, मु. पो. पाठीवरचं घर. आपला वाकडा कणा सरळ होऊ घातला आहे. घाबरू नये." बोलणी मला बसली. डॉक्टर मात्र हसू दाबत होते. यापुढे टपाल हातात द्यायचं, सही घेऊन.

खरं सांगू? प्लास्टर घातल्यावर तुमचा लेक आणि मी तिला हात लावायलाही घाबरत होतो. तुम्ही जन्मभर दारोदार टपाल वाटलेलं. आलात ते सरळ प्लास्टरवर टकटक करून "पोस्टमन!" म्हणालात, आणि कितीतरी दिवसांनी पोर खुदकन हसली.

काल निजताना तिने माझ्या पाठीवर टकटक केली. "आई, टपाल!" वळून बघितलं तर हातात काहीच नव्हतं. तशीच, प्लास्टरसकट, गळ्यात पडली.

पोचलं, बाबा.