डावा हात वर

१२ ऑगस्ट
उमापूरच्या आमच्या शाळेत अंगद सर रुजू झाले. खेळाचे दुसरे शिक्षक. वय कमी, ट्रॅकसूट नवा. मला हेवा अजिबात वाटत नाही. ट्रॅकसूट मात्र चांगला आहे.
दहावीतली शिवकन्या बेसबॉल खेळते. तिच्या वडिलांनी, शहादेवने सांगितलंय: जिल्ह्याच्या टीममध्ये निवड झाली तर पोरगी आत्याकडे राहून शिकेल, नाहीतर यंदा ऊसतोडीला न्यायची. जबाबदारी माझ्यावर. कोच मीच.

१३ ऑगस्ट
तिचा स्विंग सुधारायला घेतला. उजव्या हाताची पोरगी. बॅटच्या मुठीवर डावा हात वर, उजवा खाली धरायला लावलं. मनगटं अडकतात म्हणाली. सवय होईल म्हटलं. एकही बॉल लागला नाही. बॉल जुने आहेत.

२० ऑगस्ट
अंगदने मला न विचारता तिचे हात बदलले! उजवा वर. आधी कंबर वळव, हात मागून येऊ दे, वगैरे. बॉल थेट शेजारच्या कपाशीत. पोरांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या हातात शिट्टी होती, त्यामुळे जमलं नाही. पोटात आग पडली. ॲसिडिटी असणार. उद्यापासून चहा बंद.

२१ ऑगस्ट
चहा घेतला. शिवकन्याला परत माझ्या पद्धतीवर आणलं. कुणाचं ऐकू, असं विचारत होती. सीनियरचं, म्हटलं. मग हळूच म्हणाली, "सर, मला उसात न्हाई जायचं."
मग डावा हात वर ठेव, म्हणालो.

६ सप्टेंबर, बीड
निवड चाचणी. पहिले दोन बॉल माझ्या पद्धतीने. हुकले. मग तिने सरळ हात बदलले. मी ओरडलो, तर पंचांनी मलाच दोरीबाहेर काढलं. पुढचे सगळे लागले.
निवड झाली. शहादेवने अंगदचे दोन्ही हात धरले, डोळे पुसले. मी शेजारीच उभा होतो. फार जळलो. पण पाया कुणी घातला?

८ सप्टेंबर
गेवराईला फ्लेक्स छापायला दिला. 'शिवकन्याच्या यशाचे शिल्पकार'. बॅट धरलेला माझा उभा फोटो. शिवकन्या कोपऱ्यात. अंगदला जागा उरली नाही.

१५ सप्टेंबर, संध्याकाळी
स्टँडसमोर फ्लेक्सखाली रोज गर्दी असते, असं कळलं. मुद्दाम इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. शिवकन्या लहान पोरींना शिकवत होती. बॅटचं टोक माझ्या फोटोतल्या हातांवर टेकवून म्हणाली, "सरांनी धरलीय तशी धरायची न्हाई. बाकी सोपं हाय."
कुणी हसलं नाही. पोरी नीट बघत होत्या.
घरी येऊन फ्लेक्स उतरवायला माणूस पाठवला. तो तसाच परत आला. आमचं शिकून होईस्तोवर राहू द्या, म्हणाल्या म्हणे पोरी.