जाळ्यावरून गेलेलं जहाज

हॅलिफॅक्स बंदर, ९ एप्रिल १९६०

तीर्थरूप आबांना दूरच्या दर्यावरून हिराजीचा पाया पडून नमस्कार.

मी बरा हाय. थंडी लय, पण बोटीवर लोकरीचा कोट दिलाय. आईला सांगा, पोटभर जेवतो.

परवा मात्र घास गिळवला नाय. रशियाची एक मच्छीमार बोट जाळं ओढत चालली होती. रशियानं आभाळात नवा चंद्र सोडल्यापासून अमेरिकेला त्यांच्या बोटीबोटीत हेर दिसतो. अमेरिकेचं लढाऊ जहाज, आपल्या अख्ख्या कोळीवाड्याएवढं, तिच्या जाळ्यावरून घिरट्या घालत होतं. शेवटी त्या बिचाऱ्यांनी आपलंच जाळं आपल्या हातानं कापलं नि निघून गेले. जहाजावरचे दात काढून हसत होते. आमच्या बोटीवरचे पण हसले. शी! जगात सगळ्यात मोठा, नि मासे धरणाऱ्याला भितो! थुंकावंसं वाटलं. दुसऱ्याचं जाळं पाण्यात असलं की आपण लांबून वळसा घालून जायचं, हे तुमीच मला शिकवलंत.

आपल्या जनीचं पत्र मिळालं. शेजारच्या धर्मानं मशीनची होडी घेतली, पण होडीच्या पूजेला तुमी गेला नाय म्हणते. आजवर गावात सगळ्यात मोठी होडी आपली, तुमच्या मनाला लागलं असेल. दम्याचं औषध घेता ना?

धर्माचं जाळं खाडीत कापलेलं सापडलं, हे पण तिनं लिवलंय. कोणी कापलं, ते नाय लिवलं.

आबा, ते तुमी लिवा.

तुमचा हिराजी